खालूंच्या आजोबांचं दार

दुबईला इतिहास आहे हे त्या काळी खाडीच्या दोन्ही काठांवर मिळून एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस नेमका माझ्या नात्यात निघाला. माझ्या आईच्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमच्या रत्नागिरीकडच्या मुसलमान घरांतल्या बोलीत माझे खालू. साठचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी एका शिपिंग एजंटच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून तिथे पोचलो तेव्हा खाडीच्या अलीकडे देरा, पलीकडे बर दुबई, मध्ये पाणी आणि भोवती वाळू, एवढंच ते गाव होतं. रत्नागिरीच्या बाजारात उभं राहून मनातल्या मनात सगळी झाडं काढून टाकली, तर जे उरेल ते साधारण तसं दिसलं असतं. इतिहास म्हणजे तख्तं, तह आणि लढाया असं मी पुस्तकांत वाचलं होतं, आणि त्यातलं तिथे काहीच दिसत नव्हतं. मी पेटी खाली ठेवली, तोच खालू म्हणाले, "मुन्शी, तोंड धुऊन घे. यल्ला. गाव बघायला जायचंय." मला भूक लागली होती, तसं मी सांगितलंही. त्यावर ते म्हणाले, "जेवण काय, रोजच आहे."

मुन्शी हे नाव त्यांनी मला तेव्हाच दिलं आणि पुढे ते मला चिकटलं. ते स्वतः आमच्याच एजंटच्या गोदामात मिस्त्री होते. मालाची खोकी ठोकायची, फुटलेली सांधायची, हे त्यांचं पगाराचं काम. पण माणसाला विचारलं की तुम्ही काय करता, तर ते खोक्यांचं नाव काढत नसत. "मी गाव दाखवतो," असं सांगत. आणि दाखवतही. कोकणातून नवीन उतरलेला माणूस, मग तो स्वयंपाकी असो की खलाशी, त्याची पहिली जुम्म्याची नमाज झाली की खालू त्याला मशिदीच्या दारातच गाठत. फेरीचा मार्ग ठरलेला. आधी अब्रात, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या छोट्या होडीत बसायचं. पलीकडे उतरून जुना किल्ला, मग पडक्या गावकुसाचा उरलेला तुकडा, मग ज्या विहिरीचं पाणी गोड होतं असं म्हणतात ती विहीर, मग वाऱ्याच्या मनोऱ्यांची, म्हणजे वरचा वारा खाली खोलीत उतरवणारी घरं. किल्ला असा की आमच्याकडे एवढ्या जागेत गुरांचा गोठा बांधतात. मी तसं एकदा म्हटलं. खालू रागावले नाहीत. म्हणाले, "गोठा राखायला माणसं मेली नाहीत. हा राखायला मेली. आता बोल." 

जुन्या वस्तूंची ते ओळख करून देत, आणि तीही नातेवाइकांची करून द्यावी तशी. भिंतीवर पंजा ठेवायचे, नव्या माणसाचा हात धरून त्याचाही ठेवायला लावायचे. त्या भिंती समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडांच्या असत, हलक्या आणि भोकाभोकांच्या. "हा दगड नाय, समुद्राचं हाड आहे," ते सांगत, "सलाम कर." आणि एखादा घाबरट पोरगा खरोखरच सलाम करी. वाऱ्याच्या मनोऱ्याखाली ते सदऱ्याची बटणं काढून उभे राहत आणि वरून उतरणाऱ्या वाऱ्याला मार्क देत. आमच्या मॅनेजरने कचेरीत वातानुकूलन यंत्र बसवलं तेव्हा सगळे कारकून काही ना काही निमित्त काढून त्याच्या खोलीत जाऊ लागले. खालूही एकदा जाऊन उभे राहिले, थोडा वेळ डोळे मिटले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "गार आहे. पण कुठून येतो ते सांगत नाय." पुढे खाडीवर पूल झाला तेव्हा अख्खं गाव तो पायी ओलांडून आलं. खालू गेले नाहीत. पुलाबद्दल त्यांची तक्रार नव्हती, फक्त अब्रात चार माणसं समोरासमोर बसून बोलतात आणि पुलावर बोलत नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ही सगळी माहिती ते दर पंधरा दिवसांनी गावी माझ्या खालेला, म्हणजे मावशीला, पत्राने कळवत. एकदा तिचं उत्तर आलं आणि ते मलाच वाचून दाखवावं लागलं: "तिथल्या भिंतींची खुशाली समजली. आता तुमची कळवा."

फेरीच्या शेवटी असायचं ते दार. बर दुबईत एका म्हाताऱ्या अरब व्यापाऱ्याचं मातीच्या रंगाचं दुमजली घर होतं आणि त्याला काळपट सागाचं, दोन झडपांचं भरभक्कम दार होतं. चौकटीवर आंब्याच्या पानांची नक्षी. दारापाशी आलं की खालू आवाज खाली आणत. "हे दार माझ्या आजोबांनी केलं," असं म्हणत आणि थांबत. नवा माणूस चकित होई. मग पुढचं येई. आजोबा गावचे नावाजलेले सुतार. म्हातारपणी नातवाला मांडीवर घेऊन सांगत की आपलं एक दार अरबांच्या खाडीवर गेलंय. नक्षी अशीच, पानंही अशीच. आणि पुरावा हवा असेल तर तो चौकटीच्या आत आहे. कारण दार गलबतातून उभंच्या उभं जात नाही, सुटं करून जातं. मग कुठला तुकडा कुठे बसवायचा हे कळावं म्हणून सुतार प्रत्येक तुकड्यावर पटाशीने खुणा करतो. भिंतीच्या आत जाणाऱ्या बाजूला, कुणाला न दिसणाऱ्या. आजोबांची खूण माशाच्या शेपटीची होती. पहिल्या तुकड्यावर एक शेपटी, दुसऱ्यावर दोन, असं. "आत आहे," खालू चौकटीवर थोपटत म्हणत, "आज ना उद्या निघेल, इन्शाल्ला."

मला हे पटत नव्हतं. कोकणात सुतार काय एकच होता, आणि आंब्याची पानं काय एकाच माणसाने पाहिली होती? हे मी त्यांना पहिल्याच फेरीत विचारलं आणि नंतर दर फेरीत विचारत राहिलो. पण माझ्यापेक्षा कडवा शंकेखोर दुसराच होता. आमच्या गावच्या खाडीपलीकडे, बरोबर समोर, एक गाव आहे. आमचं गाव आणि ते गाव यांच्यात काय बिनसलं होतं हे दोन्हीकडच्या कुणालाच धड सांगता येत नसे, पण ते नीट पाळलं जाई. कुणाचं गलबत आधी बंदराला लागतं, कुणाचे मासे ताजे, कुणाची बांग आधी ऐकू येते, सगळ्यावरून. तर त्या समोरच्या गावचा एक तांडेल वर्षातून दोनतीनदा गलबत घेऊन दुबईला येई आणि माल भरेपर्यंत राही. तो आणि खालू एकमेकांशी थेट बोलत नसत. अब्रात समोरासमोर बसले तरी बोलायचं ते मधल्या माणसाला. मधला माणूस बहुतेकदा मी असे. तांडेल मला विचारी, "काय मुन्शी, तुझ्या मिस्त्रींना विचार, ती मशीदपण त्यांच्या आजोबांनीच तासली का?" खालू पाण्याकडे बघत मला सांगत, "मुन्शी, सांग त्याला, मशीद दगडाची आहे. लाकडातलं त्याला एवढंच कळतं की ते तरंगतं."

खालूंचा मोठा दिवस उजाडला तो आमच्या कंपनीचे मुख्य साहेब मुंबईहून तपासणीला आले तेव्हा. मॅनेजरने आठ दिवस आधी कार्यक्रम आखला आणि मी तो तीन प्रतींत टाइप केला. ताजी फुलं दुबईत मिळत नव्हती म्हणून कागदी फुलांचे हार मागवले. उन्हात त्यांचा रंग सुटून साहेबांची कॉलर गुलाबी झाली. भाषणं झाली, कंपनीची प्रगती सांगून झाली, गोदाम दाखवून झालं. चहाच्या वेळी साहेबांनी शिष्टाचार म्हणून विचारलं, गाव जुनं आहे का. मॅनेजर अभिमानाने म्हणाला, "नो सर, एव्हरीथिंग इज न्यू." खोक्यापाशी धुतलेला सदरा घालून उभे असलेले खालू तेवढं इंग्रजी समजत होते. ते पुढे आले आणि मला म्हणाले, "मुन्शी, साहेबांना सांग, चहा पिऊन घ्या. गाव बघायला जायचंय." साहेब गेले. गळ्यात हार तसाच ठेवून अब्रात बसले, समुद्राच्या हाडावर पंजा ठेवला, मनोऱ्याखाली उभे राहिले, आणि दारासमोर इतका वेळ थांबले की पुढचा कार्यक्रम रद्द झाला. परत येऊन त्यांनी भेटीच्या वहीत अर्धं पान त्या दाराबद्दल लिहिलं. गोदामाबद्दल एक अक्षर नव्हतं. मॅनेजरने ते पान वाचलं, वही मिटली आणि खालूंशी महिनाभर फक्त खोक्यांविषयी बोलला.

त्यानंतर वर्षभराने बातमी आली की बर दुबईतली ती घरांची रांग रस्त्यासाठी पाडणार. म्हाताऱ्या अरबाने आधीच नवं सिमेंटचं घर बांधायला काढलं होतं, त्याला लोखंडी फाटक लावणार होता. खालू मला घेऊन त्याच्याकडे गेले. तो जुना व्यापारी, हिंदी छान बोलायचा. खालूंनी एवढंच मागितलं की दार मजुरांनी तोडू नये, मी स्वतः सोडवून काढतो. म्हातारा हसला. "मिस्त्री, तेरे दादा का है तो तू ले जा. मेरे को क्या, खलास." खालूंनी त्याचा हात डोळ्यांना लावला. वाटेत मला म्हणाले, "आजोबांचं दार घरी जाणार." गावी त्यांच्या घराला त्यांनी फळ्यांचं कामचलाऊ दार लावलं होतं. बारा वर्षं. खाला कुरकुर करायची, पण त्यांनी दुसरं केलं नाही. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला की ते एवढी वर्षं कशासाठी जागा राखून होते.

आणि त्याबरोबर दुसरंही लक्षात आलं. आता चौकट निघणार होती. बारा वर्षं शेकडो माणसांना सांगितलेली गोष्ट खरी की खोटी, हे आता लाकडावर दिसणार होतं. मी मनातून वाट बघत होतो हे कबूल करायला हवं. माणूस बरोबर ठरण्यासाठी किती कोता होतो ते मला त्या आठवड्यात कळलं.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तर समोरच्या गावचा तांडेल तिथे आधीच उकिडवा बसलेला. "मुन्शी, मी आपला सहज आलो," तो म्हणाला. आसपासचे आठदहा कोकणी लोकही सहज आले होते. त्यांतल्या प्रत्येकाने कधी ना कधी त्या दारापाशी उभं राहून आजोबांची गोष्ट ऐकलेली होती. खालूंनी कुणाकडे बघितलं नाही. पटाशी आणि लाकडी हातोडा काढला, भिंतीचा गिलावा हळूहळू सोडवला, पाचरी काढल्या. चौकटीचा डावा खांब बाहेर यायला दुपार झाली. त्यांनी तो मांडीवर आडवा घेतला, आतल्या बाजूची माती फडक्याने पुसली, मग थुंकी लावून बोटाने पुसली. आणि बघत राहिले.

मीही वाकून बघितलं. खुणा होत्या. पटाशीच्या, स्वच्छ, काल केल्यासारख्या. पण मला त्या कळत नव्हत्या. मला माशाच्या शेपटीसारखं काही दिसलंही, नाहीही. तांडेलही मान पुढे करून बघत होता, त्यालाही काही बोध होत नव्हता. तिथे जमलेल्यांत त्या खुणा वाचणारा माणूस एकच होता. त्याने त्या क्षणी "शेपटी" असं म्हटलं असतं तर आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या, आणि माझ्यासकट सगळ्यांनी ते जन्मभर इतरांना सांगितलं असतं.

खालूंनी दुसरा खांब काढला. तोही पुसला. मग दोन्ही खांब शेजारी ठेवून उठले, गुडघ्यांची माती झटकली आणि तांडेलाकडे तोंड करून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मधे कुणाला न घालता म्हणाले, "तांडेल, हे आमचं नाय. उभी रेघ आणि तिच्यावर आडवी. ही खूण तुमच्या गावच्या सुतारांची. हे दार तुमचं आहे."

 तांडेलाने टोपी काढून पुन्हा घातली. मला वाटलं आता हा टोमणा मारणार, बारा वर्षांचा साठा होता त्याच्याकडे. पण तो म्हणाला, "मिस्त्री, बघा पुन्हा एकदा. उन्हात नीट दिसत नसेल."

"दिसतंय," खालू म्हणाले. "काम चांगलं आहे. सांधे अजून घट्ट आहेत." मग जरा थांबून, "आमच्यापेक्षा चांगलं नाय. पण चांगलं आहे."

दार तांडेलाच्या गलबतातून गेलं. खालूंनी प्रत्येक तुकडा स्वतः गोणपाटात बांधला. परत येताना अब्रात मी त्यांच्या शेजारी बसलो. मी विचारलं, "मग आजोबांचं दार कुठे गेलं असेल?" ते म्हणाले, "असेल की. आजोबा खोटं बोलत नसत. कुठल्या तरी भिंतीत असेल." आणि पुढच्या जुम्म्याला दोन नवे खलाशी आले तेव्हा ते त्यांना नेहमीप्रमाणे घेऊन निघाले. मला वाटलं फेरीतून ते घर गळेल. गळलं नाही. पडलेल्या घराच्या जागी उभं राहून त्यांनी आवाज खाली आणला. "इथं एक दार होतं," ते म्हणाले, "आमच्या समोरच्या गावच्या माणसांनी केलेलं. असं काम या खाडीवर दुसरं नव्हतं." तोच अभिमान, तेच थांबणं. फक्त बोट दाखवायला दार नव्हतं.

दार गावी पोचलं, पण तसंच गोणपाटात पडून राहिलं. समोरच्या गावातली सुतारांची घरं कधीच मुंबईला गेली होती. खुणा वाचून तुकडे जुळवणारा माणूस त्या गावात उरला नव्हता. त्यांना ते मदरशाला बसवायचं होतं. त्या वर्षी माझी आणि खालूंची रजा एकत्र आली. आम्ही घरी पोचलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी तांडेल होडी घेऊन आमच्या धक्क्याला लागला आणि तिथूनच हाक मारली. खाला दारात उभी राहून म्हणाली, "जा. तिकडची भिंत वाट बघत असेल." ते फळ्यांचं दार तिने मागे लोटून घेतलं आणि आम्ही खाडी ओलांडली. खालू जन्मात पहिल्यांदा त्या गावी उतरले. उतरताच तांडेल म्हणाला, "मिस्त्री, आमचं पाणी चालेल ना?" खालू म्हणाले, "चहा करून दिलात तर चालेल."

तीन दिवस काम चाललं. उंबरठा मिठाने खाल्ला होता, तो टाकून द्यावा लागला. खालूंनी फणसाचं लाकूड घेऊन नवा तासला. सगळे तुकडे मांडले, रेघा मोजल्या, जुळवले. मग नव्या उंबरठ्यावर खूण करायची वेळ आली. त्यांनी पटाशी टेकवली आणि थांबले. बाकीच्या तुकड्यांवर होती तशी उभी-आडवी रेघ मारणं काही कठीण नव्हतं. त्यांनी दोन तिरके घाव घातले. माशाची शेपटी. मी बघतोय हे त्यांना दिसलं. म्हणाले, "मग काय, माझं काम त्यांच्या नावावर खपवू?" उंबरठा बसला, वरून गिलावा झाला आणि खूण आत गेली. ती तिथे आहे हे तांडेलालाही कधी कळलं नाही. परतल्यावर आठवडाभरात त्यांनी स्वतःच्या घराला दार केलं. साधं, नक्षी नसलेलं. पुढे कायमचे गावी आल्यावर ते पाहुण्याला ओसरीवर बसवत, खाडीपलीकडे बोट करत आणि म्हणत, "जेवण नंतर. होडी आहे, आधी ते दार बघून येऊ."

खालूंना जाऊन आता फार वर्षं झाली. माझा मुलगा दुबईत अल बर्शाला राहतो. मागच्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे होतो तेव्हा नातवाला घेऊन मेट्रोने बर दुबईला गेलो. वाऱ्याच्या मनोऱ्यांची घरं आता नीट सारवून, दिवे लावून, माहितीच्या पाट्या ठोकून ठेवली आहेत. लोक फोटो काढत होते. मी पाट्या वाचल्या नाहीत. भिंतीवर पंजा ठेवला, मग नातवाचा हात धरून त्याचाही ठेवला. पुढे एक जुनं दार होतं, चौकटीवर पानं कोरलेलं. मी चष्मा पुसून चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीला डोळा लावला. आत अंधार होता. मागे पहारेकरी खाकरला.

"दादा, व्हॉट आर यू लुकिंग फॉर?" नातवाने विचारलं.

"काही नाही रे," मी म्हणालो. "ओळखीचं कुणी आहे का बघत होतो."